कंटेनर निवडताना आधी वजन, मग जागा

वीस फुटी घ्यायचा की चाळीस फुटी, हे बहुतेक जण माल किती जागा व्यापतो यावरून ठरवतात आणि तिथेच फसतात. वीस फुटीत साधारण 33 घनमीटर जागा असते, चाळीस फुटीत 67. वजनाची कमाल मर्यादा मात्र बऱ्याचदा दोन्हींना सारखीच, डब्यासकट 30,480 किलो. त्यात रिकामा वीस फुटी सव्वादोन टनांच्या आसपास, तर चाळीस फुटी पावणेचार टनांच्या. म्हणजे फरश्या किंवा लोखंड भरायचं तर लहान डबाच जास्त वजन नेतो. कापूस, फर्निचर असा फुगीर माल चाळीस फुटी हाय क्यूबमध्ये घाला. एक फूट जास्त उंचीमुळे जागा 76 घनमीटरपर्यंत जाते. रस्त्यावरची वजनमर्यादा डब्याच्या मर्यादेपेक्षा कमी असू शकते, तीही आधीच बघा.

मालाची पेटी बनवताना छत नव्हे, दार मोजा. साध्या डब्यात आतली उंची सुमारे 2.39 मीटर, पण दार 2.28 मीटरच. दारातून न जाणारं यंत्र वरून क्रेनने सोडायचं असेल तर ओपन टॉप, म्हणजे पक्कं छत नसलेला डबा. बाजूंनीही बाहेर येत असेल तर फ्लॅट रॅक, म्हणजे छत आणि बाजूच्या भिंती नसलेला डबा. मात्र बाहेर आलेला माल जहाजावर शेजारच्या जागा अडवतो, त्यांचंही भाडं लागतं.

रीफर म्हणजे शीत कंटेनरबद्दल गैरसमज फार. तो माल थंड करत नाही, थंड ठेवतो. त्यामुळे माल ठरलेल्या तापमानाला आणूनच भरायचा. गार हवा खालून, टी आकाराच्या पट्ट्यांमधून येते आणि मालातून वर जाते. जमिनीचा एखादा भाग उघडा राहिला की हवा तिथूनच निसटते आणि बाकीचा माल गरम होतो. भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर खोकी रचली तर हवेची परतीची वाट बंद. दार उघडं असताना गार हवा सोडणारं यंत्र बंद ठेवा, नाहीतर बाहेरची दमट हवा आत ओढली जाऊन कॉइलवर बर्फ धरतो.

द्रव नेणारा टँक कंटेनर अर्धामुर्धा भरू नका. आत द्रव अडवणाऱ्या आडव्या पडद्या नसतील तर द्रव 80 टक्क्यांच्या खाली असताना ब्रेक लागताच उसळतो आणि वळणावर गाडी उलटू शकते. काठोकाठही नको, कारण उष्णतेने द्रव फुगतो.

डबा ताब्यात घेताना दारावरचा कोड वाचा. 22जी1 म्हणजे वीस फुटी साधा, 45जी1 चाळीस फुटी हाय क्यूब. जीच्या जागी आर असेल तर रीफर, टी असेल तर टँक. मग आत उभं राहून बाहेरच्या माणसाला दारं लावायला सांगा. डोळे अंधाराला सरावले की टाचणीएवढं भोकसुद्धा चमकतं.

भरताना अर्ध्या लांबीत 60 टक्क्यांहून जास्त वजन नको. भरलेल्या डब्याचं पडताळलेलं वजन 1 जुलै 2016 पासून जहाजावर चढण्याआधी द्यावं लागतं. भरलेला डबा न तोलता माल आणि रिकाम्या डब्याच्या वजनाची बेरीज करून देत असाल तर पॅलेट, लाकडी ठोकळे आणि पट्टे त्यात धरा; यांचं वजन राहिलं तर ऐनवेळी डबा अडू शकतो.