परदेशातील अनोळखी गिऱ्हाइकाला वस्तू कशी पाठवावी

घरात वापराविना पडलेली पितळी समई, आईने शिवलेली गोधडी किंवा दिवाळीचा कागदी आकाशकंदील घ्यायला परदेशातील कोणी अनोळखी गिऱ्हाईक तयार झाले, की विकणाऱ्याचे सगळे लक्ष खोका आणि बबल रॅप यांकडे लागते. माझ्या अनुभवात मात्र फुटतुटीने फारसे नुकसान झालेले नाही. पैसे अडकले ते पत्ता, कस्टमचे घोषणापत्र आणि ड्युटी (आयात शुल्क) कोणी भरायची, या तीन ठिकाणी. ही तिन्ही कामे खोक्याला चिकटपट्टी लावण्यापूर्वी उरकायची असतात, म्हणून ती येथे क्रमाने सांगितली आहेत.

१. वस्तू देशाबाहेर जाऊ शकते का, हे आधी पाहावे

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि नाणी, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुन्या मोलाच्या हस्तलिखित पोथ्या खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाहीत. वस्तू जुनी दिसते पण तितकी जुनी नाही, अशा वेळी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. भांड्यावर नाव घालण्याची आपली पद्धत या कामी उपयोगी पडते, कारण समईच्या बैठकीखाली किंवा तांब्याच्या काठावर देणाऱ्याचे नाव आणि साल अनेकदा कोरलेले सापडते. ते साल वाचताना जपावे. ‘१८४२’ हा आकडा शके असेल तर त्यात ७८ मिळवून इसवी सन १९२० येते, म्हणजे ते भांडे शंभरी ओलांडून गेलेले असते. आणि तोच आकडा इसवी सनाचा समजला तर भांडे दोनशे वर्षांच्या घरात जाते. दोन्ही बाबतीत ते घरातच राहू द्यावे.

मोरपिसे लावलेली शोभेची वस्तू पाठवू नये, कारण मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे. अत्तराची कुपी आणि लिथियम बॅटरीचे खेळणे यांवर विमानवाहतुकीचे निर्बंध असतात. फराळ विकणाऱ्यांनी तर ज्या देशात तो पोचायचा तेथील नियमही वाचावेत: संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे खसखशीला बंदी आहे, आणि अनारसे खसखशीवरच थापलेले असतात.

२. पैसे आणि पत्ता एकमेकांशी जुळवून पाहावेत

पैसे जमा झाल्याचा ईमेल आला म्हणजे पैसे जमा झाले असे नाही. स्वतःच्या खात्यात लॉग-इन करून रक्कम प्रत्यक्ष पाहावी. गिऱ्हाइकाने चुकून जास्त रक्कम पाठवल्याचे सांगून उरलेले पैसे दुसऱ्या खात्यात मागितले, तर व्यवहार तेथेच थांबवावा. मूळ रक्कम पुढे रद्द होते आणि परत केलेले पैसे आपल्या खिशातून गेलेले असतात.

पेपल या ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या सेवेवर गिऱ्हाइकाला तक्रार करण्यासाठी १८० दिवस मिळतात. विक्रेत्याला संरक्षण हवे असेल तर व्यवहारात नोंदवलेल्या पत्त्यावरच पार्सल पोचल्याचा पुरावा लागतो, आणि रक्कम ७५० डॉलर किंवा अधिक असेल तर घेणाऱ्याची सहीसुद्धा लागते. त्यामुळे पैसे आल्यानंतर ‘मी सध्या बहिणीकडे आहे, तिच्या पत्त्यावर पाठवा’ असा निरोप आला, तर पैसे परत करून नव्या पत्त्यासह नवा व्यवहार करायला सांगावे. अमेरिकेतील डेलावेअर किंवा ऑरेगन येथील पत्ता असून त्यात नावापुढे लांबलचक अक्षरे आणि आकडे असतील, तर ते बहुधा माल पुढे धाडणाऱ्या कंपनीचे गोदाम असते, कारण या राज्यांत विक्रीकर नाही. आपला पुरावा त्या गोदामापर्यंतच पोचतो आणि वस्तू पुढे तिसऱ्याच देशात जाते. असा प्रत्येक गिऱ्हाईक लबाड नसतो, हे खरे; तरी मोलाची वस्तू मी तेथे पाठवत नाही.

३. ड्युटी कोण भरणार, हे लेखी ठरवावे

एकदा जर्मनीला पाठवलेली समई अडीच महिन्यांनी माझ्याच दारात परत आली. तेथील कर भरावा लागेल हे मी गिऱ्हाइकाला सांगितले नव्हते, त्याने पार्सल घेतले नाही, आणि टपालखर्च माझ्या माथी बसला. युरोपीय संघात २२ युरोपर्यंतच्या आयातीला असलेली व्हॅटची (मूल्यवर्धित कराची) सूट १ जुलै २०२१ पासून संपली आहे, त्यामुळे स्वस्त वस्तूलाही कर लागतो. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या आयातीला असलेली ड्युटीची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवली. त्या सुमारास भारतीय टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सले घेणे काही आठवडे बंद ठेवले होते. नंतर बुकिंग सुरू झाले ते ड्युटी येथेच भरून घेण्याच्या पद्धतीने. म्हणून दर आणि नियम बुकिंगच्या दिवशीच विचारावेत, जुन्या पावतीवरून हिशोब करू नये.

४. घोषणापत्र खरे आणि नेमके भरावे

लहान, कमी किमतीच्या पाकिटाला सीएन २२ आणि मोठ्या किंवा किमती पार्सलला सीएन २३ हा फॉर्म लागतो. त्यावर नुसते ‘हस्तकला’ लिहिले की कस्टमला खोका उघडावासा वाटतो. ‘पितळी तेलाचा दिवा, वापरलेला, एक नग’ असे नेमके वर्णन इंग्रजीत लिहून सोबत एचएस कोड (कस्टमसाठीचा वस्तूचा वर्गीकरण क्रमांक), वजन आणि खरी किंमत द्यावी. ‘भेटवस्तू लिहा, किंमत कमी दाखवा’ अशी विनंती हमखास येते. ती मानली तर खोटे विधान आपल्या सहीने होते, आणि पार्सल हरवल्यास भरपाई त्याच कमी किमतीवर मागावी लागते. विक्री ही निर्यातच असते, म्हणून ५०० रुपये भरून आयईसी (आयात-निर्यात करणाऱ्याचा नोंदणी) क्रमांक काढावा. टपालाची निर्यात कागदपत्रे २०२२ पासून सुरू झालेल्या डाक घर निर्यात केंद्रांमार्फत भरता येतात.

५. वजनाआधी खोका मोजावा

खासगी कुरिअर बहुधा लांबी, रुंदी व उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार ५००० ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनाहून मोठा असला की त्यावर पैसे घेतात. चाळीस सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यात उघडा ठेवलेला सहाशे ग्रॅमचा आकाशकंदील या हिशोबाने १२.८ किलो भरतो. तोच घडी करून पाठवला तर खर्च कितीतरी उतरतो. खोका बंद करण्यापूर्वी वस्तूचे सर्व बाजूंनी आणि काट्यावर ठेवून फोटो काढावेत.

६. पार्सल गेल्यानंतर

बुकिंगच्या वेळी ओळखपत्राची प्रत देताना मास्क केलेले (पहिले आठ आकडे झाकलेले) आधार द्यावे आणि प्रतीवर कारण व तारीख लिहावी. ‘तुमच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत’ असा फोन आला, समोरचा माणूस पोलीस किंवा कस्टम अधिकारी असल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर बसवू लागला, तर फोन ठेवून १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. बुकिंगची पावती, फोटो, ट्रॅकिंगची नोंद आणि गिऱ्हाइकाशी झालेले सर्व संभाषण पैसे मिळाल्यापासून किमान १८० दिवस एका जागी जपून ठेवावे.