जंतांवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञाचे पेपर कसे बघायचे

निपाणी, खानापूर भागात अनवाणी शेतात राबणाऱ्यांना हुकवर्मचा (आतड्यात राहणाऱ्या जंताचा) धोका असतोयच, अळी पायाच्या कातडीतनं थेट आत शिरते. म्हणून कुणी "मी जंतांवर संशोधन केलंय" म्हटलं की त्याचं काम एकदा बघून घ्या की, मोबाईलवर फुकटात होतंय.

पबमेड (वैद्यकीय पेपर शोधायची फुकट वेबसाइट) उघडा, इंग्रजीत आधी आडनाव मग नावाची आद्याक्षरं टाका, स्वल्पविराम नको. आता खरी गोची अशी की आमच्याकडं पाटील न् कुलकर्णी किती, एकाच्या नावावर दहा जणांचे पेपर दिसतात, म्हणून संस्था जुळते का बघा, आणि ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ओळख सांगणारा) १६ अंकी नंबर मिळाला तर उत्तमच, तो एका माणसाचा एकच असतो.

मग यादी मोजत बसू नका. मूळ प्रयोग कुठला न् रिव्ह्यू (दुसऱ्यांच्या पेपरांचा आढावा) कुठला ते वेगळं काढा, जंताचं नाव टाकून परत शोधा, पेपर मागं घेतलाय का तेपण तपासा. मलेरिया डासांतनं पसरतो हे शोधणाऱ्या रोनाल्ड रॉसचा १८९७ चा मलेरियावरचा पेपर फक्त दोन डासांवरचा होता, आणि १९०२ ला त्याला नोबेल मिळालं! मला हे फार मोलाचं वाटतं, आकड्यापेक्षा काय सापडलं ते वाचा.

पूर्ण पेपर पैसे मागत असेल तर पबमेड सेंट्रलवर (तिथं पूर्ण पेपर फुकट असतात) बघा, नाहीतर लेखकालाच मेल टाका, बरेच जण पाठवतात.