वीरगळाचं तोंड कुणीकडे? फोटोआधीचा पहिला प्रश्न

कोल्हापुरात राहणाऱ्याला जुन्या समाध्या आणि स्मृतिशिळा बघायला लांब जावं लागत नाही. पंचगंगा घाटावर समाधी-मंदिरं आहेत, करवीर तालुक्यातलं कसबा बीड तर वीरगळांसाठी, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांसाठीच ओळखलं जातं. शिवाय गावोगावी देवळाच्या आवारात, पाराला टेकून एखादा दगड उभा असतोच. फोटो मात्र बहुतेकांचे सपाट येतात. त्यात दोष कॅमेऱ्याचा नसतो, उजेड समोरून पडलेला असतो. झिजलेल्या शिल्पाचा उठाव जेमतेम सेंटिमीटरभर उरतो. बाजूने तिरपा उजेड येऊन सावली पडली, तरच तो दिसतो.

म्हणून आधी मोबाइलमधल्या होकायंत्रावर दगडाचं तोंड, म्हणजे कोरलेली बाजू, कुठल्या दिशेला आहे ते बघा. पूर्वाभिमुख दगडावर सकाळचं ऊन थेट पडतं आणि कोरीवकाम पुसल्यासारखं होतं. त्याला अकरा ते बाराची वेळ धरा, तेव्हा ऊन वरून घासून येतं. पश्चिमाभिमुखासाठी दुपारी एक-दीड. दक्षिणाभिमुख दगड डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठच्या सुमारास सुंदर उठतो. उत्तराभिमुखाला हिवाळ्यात ऊन मिळतच नाही. त्याला मे महिन्यातली सकाळ गाठा, तेव्हा सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडून उगवतो. जूनपासून ढग येतात, मग ती संधी वर्षभरासाठी गेली.

झाडाखालच्या दगडाला टॉर्च लागतो. संध्याकाळी अंधारल्यावर कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, दोन सेकंदांचा टायमर. टॉर्च दगडापासून मीटर-दीड मीटर बाजूला, पृष्ठभागाशी साधारण १५ अंशांवर धरा. कॅमेरा न हलवता डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो घ्या. डावीकडच्या उजेडात न दिसलेली तलवार उजवीकडच्या उजेडात दिसते, हे हमखास होतं. काळ्या दगडामुळे कॅमेरा फसतो आणि फोटो राखाडी येतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे ०.७ करा. मोबाइलवर एचडीआर (उजेड-सावली सारखी करणारा मोड) बंद ठेवा. हवी असलेली सावलीच तो उजळून टाकतो. मोबाइल दगडाला समांतर धरा, नाहीतर वरचा भाग निमुळता येतो.

वीरगळावर एकावर एक चौकटी कोरलेल्या असतात, त्या खालून वर वाचायच्या. तळाच्या चौकटीत लढाई किंवा मरण. तिथे गायी असतील तर गोधन राखताना आलेलं मरण. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो, माथ्यावर चंद्र-सूर्य. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईची स्मृतिशिळा. पूर्ण दगडाचा एक फोटो आणि प्रत्येक चौकटीचा वेगळा, एवढं घ्याच. तळाची चौकट पुष्कळदा मातीत गाडलेली असते. उकरू नका, आधार सुटला की दगड कलतो.

खडूने किंवा पिठाने रेषा भरणं कटाक्षाने टाळा. भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते. त्याहून वाईट म्हणजे, दगडावर जे आहे ते सोडून आपल्याला जे वाटलं ते फोटोत उतरतं. वाळलेला पाचोळा हाताने, धूळ मऊ ब्रशने काढा, तेवढं पुरे. तारेचा ब्रश, लिंबू, साबण नको.

तेल-शेंदूर लावलेला दगड हा तिथला देव असतो. चपला काढा, पुजाऱ्याला किंवा गुरवांना विचारा, नाही म्हणाले तर परत फिरा. शेंदूर खरवडायचा नाही. तेलाची चमक फोटोत पांढरा डाग होऊन बसते. टॉर्चचा कोन बदला किंवा पोलरायझर (लेन्सवरचा चमक कापणारा फिल्टर) फिरवा.

घाटावरच्या समाध्यांसाठी मार्च ते मे बरा. पावसाळ्यात पाणी चढलं की घाट बुडतो, आणि पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर गाळ असतो. त्या गाळावर पाय ठरत नाही.

आकार कळावा म्हणून फोटोत एका कडेला १० सेंटिमीटरची पट्टी ठेवून एक जादा फोटो घ्या, पण पट्टी दगडाला चिकटवू नका. वहीत तिथेच गाव, तालुका, तोंडाची दिशा, उंची-रुंदी-जाडी, चौकटी किती आणि कुठे तुटलंय ते लिहा. घरी येऊन लिहू म्हटलं की तीन दगडांचे आकडे एकमेकांत मिसळतात. सुटा, सहज उचलता येईल असा दगड असेल तर त्याची नेमकी जागा सोशल मीडियावर टाकू नका. ती माहिती सरपंचांना आणि पुरातत्त्व विभागाला द्या.