जेंडर बजेटचा मोठा आकडा दिसला की आधी काय बघायचं

बजेट आलं की संध्याकाळपर्यंत एक बातमी फिरायला लागतेच, महिलांसाठी अमुक इतके लाख कोटी, यालाच जेंडर बजेट म्हणतात. २०२५-२६ ला केंद्राचा हा आकडा ४.४९ लाख कोटी होता, म्हणजे एकूण बजेटच्या ८.८६ टक्के. आता हे पैसे बायकांच्या नावाने कुठेतरी वेगळे काढून ठेवलेत असं वाटत असेल तर तसं काही नसतं, प्रत्येक मंत्रालयाने आपापल्या योजनेतला बायकांचा वाटा कळवला आणि त्याची बेरीज केली, एवढंच. म्हणून बेरीज सोडा, वाटा कसा काढलाय ते बघा.

बजेटच्या सरकारी वेबसाइटवर एक्स्पेंडिचर प्रोफाइल नावाची पीडीएफ असते, त्यात स्टेटमेंट १३, म्हणजे जेंडर बजेटचा तक्ता, उघडायचं. २००५-०६ पासून हे दरवर्षी येतंय. भाषण वाचत बसू नका, त्यात तपशील मिळत नाही.

स्टेटमेंटचे तीन भाग आहेत. पार्ट ए मध्ये पूर्ण १०० टक्के बायकांसाठीच्या योजना, बी मध्ये ३० ते ९९ टक्के, आणि सी हा २०२४-२५ पासून जोडलाय, ३० टक्क्यांच्या खालचा. त्या वर्षी सी मध्ये पीएम किसानचे १५ हजार कोटी होते, मूळ योजना ६० हजार कोटींची, म्हणजे सरळ पाव हिस्सा.

खरी गंमत पार्ट ए मध्ये. ग्रामीण आवास योजना बरीच वर्षं तिथे पूर्णच्या पूर्ण धरली जाते, कारण घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचं असा नियम. नावावर घर असणं मोठी गोष्ट आहे, नाकारत नाही, पण त्या घरात नवरा, सासरा, पोरं सगळेच राहणार ना, मग १०० टक्के कसे? आणि ही एकटी योजना पार्ट ए चा निम्म्याच्या आसपास भाग खाते, त्यामुळे मी तर ती बाजूला काढूनच बेरीज करते.

उलटं पण होतं बरं का. २०२४-२५ ला मनरेगाचा साधारण एक तृतीयांश पैसा बायकांचा म्हणून दाखवला, कायद्यातही किमान एक तृतीयांश बायका हव्यात असंच होतं, पण प्रत्यक्ष कामाच्या दिवसांमध्ये बायकांचा वाटा कित्येक वर्षं निम्म्याहून जास्त होता. म्हणजे एकीकडे फुगवलंय तर दुसरीकडे खरं काम झालंय तेच कमी दाखवलंय. म्हणून प्रत्येक मोठ्या ओळीसमोर योजनेची एकूण तरतूद लिहा, टक्का काढा, मग लाभार्थींची आकडेवारी शोधून ताडून बघा.

पुढचं काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. बजेट अंदाज (सुरुवातीला ठरवलेला आकडा), सुधारित अंदाज (वर्षाच्या मध्ये बदललेला) आणि प्रत्यक्ष खर्च या तीन वेगळ्या गोष्टी. बातमीत पहिलाच येतो. प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनी कळतो, तो मंत्रालयाच्या खर्चाच्या कागदात सापडेल. बायकांच्या सुरक्षेसाठीचा निर्भया फंड २०१३ ला १००० कोटींनी सुरू झाला आणि नंतर वर्षानुवर्षं त्यातला पैसा पडूनच राहतो अशी ओरड होत राहिली, ते असंच अंदाज आणि खर्च शेजारी ठेवले की दिसतं.

आणि हो, स्टेटमेंट १३ मध्ये फक्त खर्च असतो, कर नाही. सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के जीएसटी जुलै २०१८ मध्ये शून्य झाला, बायकांच्या खिशाशी इतका थेट संबंध, तरी असा निर्णय या कागदात शोधून सापडणार नाही.

एखाद्या योजनेचा टक्का पटला नाही तर आरटीआय टाका, दहा रुपये फी. बऱ्याच मंत्रालयांत जेंडर बजेट सेल असतो, पण अर्ज जातो जनमाहिती अधिकाऱ्याकडे. 'का' विचारू नका, उत्तर येत नाही. असं विचारा: या योजनेचा अमुक टक्के वाटा ठरवताना वापरलेली लाभार्थींची स्त्री-पुरुष आकडेवारी आणि त्या फाइलवरच्या नोंदींची प्रत द्यावी.