प्रोग्रेसिव्ह टूल अडलं? पंच बदलण्याआधी या चुका टाळा

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या कारखान्यात, एक तक्रार कायम ऐकू येते, "चार नंबरचा पंच परत गेला." पंच म्हणजे पत्र्यात भोक पाडणारा वरचा दांडा, डाय म्हणजे खालचा भोकाचा ठोकळा, आणि अशा जोड्यांचा अख्खा संच म्हणजे टूल. मग टूल प्रेसवरून उतरतं, नवा पंच बसतो, शिफ्ट संपायच्या आत तोही जातो. टूलरूमवाला (टूल बनवणारा-दुरुस्त करणारा) पंचाच्या हार्डनिंगला नावं ठेवतो, सेटर (प्रेसवर टूल लावणारा) टूलरूमला ठेवतो.

खरं दुखणं बहुतेक वेळा चार नंबरला नसतंच. प्रोग्रेसिव्ह टूलमध्ये स्टेशनं, म्हणजे कामाच्या जागा, एका ओळीत असतात आणि पत्र्याची पट्टी दर ठोक्याला एक पिच, म्हणजे ठरलेलं एक अंतर, पुढे सरकते. आधी पायलटची (पट्टी नेमक्या जागी आणणाऱ्या पिनची) भोकं पडतात, मग बाकीची भोकं आणि खाचा, मग बेंड, शेवटी पीस तुटून पडतो. प्रत्येक स्टेशन मागच्या स्टेशनवर विसंबून असतं. दुसऱ्या स्टेशनला पट्टी चुकीची बसली तर मार सगळ्यात बारीक पंचाला बसतो, इथे चौथ्याला. म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे अडकलेली पट्टी ओढून, तोडून स्क्रॅपच्या डब्यात टाकणं. काय झालं ते फक्त त्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

पट्टी अख्खी बाहेर काढा. टेबलावर ठेवा, मार्करने स्टेशनचे नंबर टाका आणि सगळ्यात आधी पायलटची भोकं बघा. भोक गोल असेल तर फीड (पट्टीचं पुढे सरकणं) ठीक आहे, पुढे जा. लांबुळकं झालं असेल तर कुठली कड दबलीय ते नखाने चाचपा. पट्टी ज्या दिशेला सरकते त्या बाजूची, म्हणजे पुढची कड दबली असेल तर पट्टी कमी सरकली आणि पायलटने तिला पुढे रेटायचा प्रयत्न केला. मागची कड दबली असेल तर पट्टी जास्त सरकली. एवढं कळलं तरी अर्धं निदान झालं, आणि अजून टूलचा एकही बोल्ट ढिला केलेला नाही.

इथे सेटर लोक लगेच फीडरची (रोलने पट्टी पुढे सरकवणाऱ्या यंत्राची) लांबी पॉइंटात वरखाली करायला बसतात. कशासाठी? पिच २५ मिमी आहे आणि फीडर २५.०५ देतोय, तर ती एवढीशी चूक सुधारण्यासाठीच पायलट असतो. पण पायलटला पट्टी हलवता यायला हवी, आणि फीडरच्या रोलने ती धरून ठेवली असेल तर ती हलत नाही, भोकच ताणलं जातं. म्हणून लांबीआधी रिलीज, म्हणजे रोल पट्टी कधी सोडतात, ते बघा. मेन स्विच बंद करून, फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) पूर्ण थांबल्यावर ते हाताने फिरवत रॅम (प्रेसचा वरखाली होणारा भाग) खाली आणा. पायलटचं निमुळतं टोक भोकात शिरलं, पण पूर्ण जाडीचा भाग अजून शिरायचाय, त्या क्षणी रोल उचलले गेले पाहिजेत. उशिरा उचलले तर भोक फाटतं. लवकर उचलले तर डिकॉयलरकडच्या (कॉइल उलगडणाऱ्या यंत्राकडच्या) झोळाचं वजन पट्टीला मागे ओढतं. फीडची तक्रार आली की माझा पहिला संशय रिलीजवरच जातो.

दुसरी चूक, बर (कापलेल्या कडेला उभी राहिलेली धातूची कुसळ) आली की रॅम खाली घेणं. ही सवय कुठून आली देव जाणे, पण ती सगळीकडे आहे. पंच डायमध्ये आणखी खोल गेला म्हणून त्याची धार परत येत नाही. उलट बाजू घासतात आणि त्याच ठोक्यात बेंडच्या स्टेशनवर नको तेवढा दाब येतो. शट हाइट (रॅम पूर्ण खाली असताना रॅम आणि खालच्या बेडमधलं अंतर) एकदा ठरली की सेटिंग ब्लॉकवरच (ठरलेल्या उंचीच्या ठोकळ्यावर) लावायची, बर बघून नाही.

बर कुठे आहे ते बघा. भोकाच्या सगळ्या बाजूंनी सारखी असेल तर धार गेलीय, ग्राइंडिंगला द्या. एकाच बाजूला असेल तर पंच आणि डायचं केंद्र जुळत नाही. टूलचे वरचे-खालचे भाग सरळ रेषेत ठेवणारे गाइड पिलर-बुश झिजलेत किंवा रॅमच्या गिबमध्ये (सरकण्याच्या मार्गात) खेळ आहे, आणि अशा वेळी ग्राइंडिंग करून टूलचं आयुष्य फक्त कमी होतं. खाली पडलेला स्लगही (भोकातून निघालेला तुकडा) उचलून बघा. साध्या माइल्ड स्टीलमध्ये कडेचा साधारण एक तृतीयांश भाग चकचकीत आणि उरलेला मळकट, तुटल्यासारखा दिसला तर कट बरा आहे. क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डायमधली फट, एका बाजूला पत्र्याच्या जाडीच्या ५ ते १० टक्के धरतात, म्हणजे १ मिमी पत्र्याला ०.०५ ते ०.१० मिमी.

ग्राइंडिंगहून टूल परत आलं की नव्या भानगडी सुरू होतात. कटिंगचे पंच आणि डाय ०.३ मिमीने खाली आले, बेंडचे इन्सर्ट (टूलमध्ये बसवलेले सुटे ठोकळे) मात्र होते तिथेच. आता ते उंच उभे राहतात, पट्टी सपाट बसत नाही, आणि बेंड बिघडला म्हणून बेंडचं स्टेशन खोलायला घेतात. जेवढं ग्राइंड झालं तेवढ्या जाडीचं शिम (पातळ पट्टी) कटिंग इन्सर्टखाली आणि पंचांच्या मागे घालायला हवं. तेही एकच, नीट ग्राइंड केलेलं. पत्र्याचे तीन-चार तुकडे एकावर एक रचले की ते ठोक्यागणिक दबून परत उसळतात, आणि ती उसळी पंचाची धार खाते.

आणि डीमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकपणा काढणारं यंत्र, विसरू नका! सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवरून उतरलेला पंच तसाच चुंबकी राहतो. मग स्लग खाली पडायच्या ऐवजी पंचाला चिकटून वर येतो, पट्टीवर पडतो आणि पुढच्या ठोक्याला दाबला जातो. प्रत्येक पिसावर एकाच जागी तोच खड्डा दिसला तर डायच्या तोंडावर कण चिकटलाय, तो पुसून काढा. खड्डा कधी इथे, कधी तिथे असेल तर स्लग वर येतोय. चुंबक काढूनही थांबत नसेल तर तेल कमी करून बघा, कारण दाट तेलाने स्लग पंचाच्या तोंडाला चिकटतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर पंचात स्लग खाली ढकलणारी स्प्रिंगवाली इजेक्टर पिन बसवून घ्या.

टूलखाली पॅरलल (आधाराच्या सारख्या उंचीच्या पट्ट्या) लावताना स्क्रॅपची भोकं झाकली जात नाहीत ना, हे टॉर्च मारून बघा. स्लग आत साठत गेले की डाय इन्सर्ट आतून फुटतो.

नवी कॉइल सुरू करताना पट्टीचं टोक कुठे ठेवायचं याची खूण स्टॉक गाइडवर (पट्टीला सरळ नेणाऱ्या मार्गावर) कोरून ठेवा. टोक पंचाच्या निम्म्यावर आलं तर पंच अर्ध्या बाजूने कापतो, बाजूला ढकलला जातो आणि तुटतो किंवा डायच्या कडेला लागतो. पहिले काही ठोके एकेक करून मारा. घाईत याच वेळी सगळ्यात जास्त पंच जातात.

लाइट जाणं हे आपल्याकडे ठरलेलं. फीड अर्धवट झालेलं असताना ती गेली आणि परत आल्यावर थेट पॅडल दाबलं, तर पहिला ठोका हमखास चुकीच्या जागी बसतो. पट्टी हाताने पायलटवर बसवून घ्या आणि मगच सुरू करा. ही पट्टी बसवताना किंवा अडकलेला पीस काढताना फक्त मोटर बंद करून भागत नाही. 'की क्लच'च्या (चावीने फ्लायव्हील जोडणाऱ्या क्लचच्या) जुन्या प्रेसमध्ये फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं, आणि तेवढ्या ताकदीत एक पूर्ण ठोका येऊ शकतो. मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावायचं, फ्लायव्हील डोळ्यांनी थांबलेलं बघायचं, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक उभा करायचा आणि पीस चिमट्यानेच काढायचा. यंत्राच्या धोकादायक भागांना संरक्षक कुंपण लागतंच. "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून काढून ठेवलेलं गार्ड पहिला ठोका मारण्याआधी जागेवर आलं पाहिजे.