मंडळीत भांडण पेटलं, तर पाळकांनी काय करावं

उन्हाळ्यात चर्चच्या बोअरचं पाणी आधी कुणी भरायचं, यावरून आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, दोन घरांचा एकमेकांशी सलामसुद्धा बंद झाला. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, लागोपाठ तीन रविवार ‘क्षमा’ या विषयावर संदेश दिला. दोन्ही घरांना वाटलं, बोट आपल्याकडेच आहे. भांडण वाढलं.

म्हणून सगळ्यात आधी हे, की व्यासपीठावरून भांडण सोडवू नका. तिथून बोललेल्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. दोन्ही घरी जा, एकाच आठवड्यात. एकाकडे जेवलात आणि दुसऱ्याच्या दारातून परतलात, तर संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीला कळलेलं असतं. निकाल देऊ नका, नुसतं ऐका. आधी बोलणारा खराच वाटतो, दुसरा येऊन विचारपूस करेपर्यंत. बायबलच्या नीतिसूत्रे या पुस्तकात, १८:१७ मध्ये, हेच आहे. घरी आल्यावर वहीत दोन गोष्टी लिहा: काय घडलं आणि माणसाला नेमकं काय लागलं. आमच्याकडे दुखणं पाण्याचं नव्हतंच. बोअरच्या मोटारीची किल्ली एका घराकडून न सांगता काढून घेतली होती.

निनावी चिठ्ठीवर काहीही ठरवू नका. करिंथच्या मंडळीतली भांडणं आपल्याला ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांकडून कळली, हे प्रेषित पौल त्या मंडळीला पत्रात उघड लिहितो.

यानंतर मत्तयाच्या शुभवर्तमानातला (१८:१५-१७) क्रम: आधी दोघांत, मग एक-दोन साक्षीदार, शेवटी मंडळी. आपल्याकडे पहिली पायरी गाळून थेट पंचकमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत, अर्ज येतो. तो परत द्या आणि “आधी भेटलात का?” एवढंच विचारा. जिथे मारहाण आहे किंवा एकजण दुसऱ्याला घाबरतो, तिथे मात्र एकांतात भेटायला लावू नका. साक्षीदार निवडणं अवघड, कारण छोट्या मंडळीत जो तो कुणाचा तरी व्याही नाहीतर मेहुणा. शेजारच्या तालुक्यातल्या मंडळीतून एखादे निवृत्त गुरुजी किंवा बाई बोलवा.

समेट घडवताना बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा सहावा अध्याय पुन्हा वाचा, तो पहिल्या मंडळीचा आहे. ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना झापलं नाही, सात माणसं निवडायला सांगितली. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाटप गेलं. पाळकांना हे जड जातं. तक्रार करणारा त्यांना बंडखोर वाटतो. पण किल्ली त्याच्या हाती देऊन तर बघा.

बायकांचं भांडण ‘महिला संघाचं आहे’ म्हणून झटकू नका. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना वेगवेगळी विनंती करतो, चूक कुणाची ते सांगत नाही आणि तिसऱ्या माणसाला मदतीला लावतो.

सभेची तारीखही नीट बघा. बीड-धाराशिवकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यातच परततात. मधल्या काळात पंचांची निवड उरकली, तर पुढच्या भांडणाची पेरणी तुम्हीच केली. सभेचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहा. ट्रस्ट नोंदलेला असेल आणि विश्वस्त बदलले, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो.

तक्रार तुमच्याविरुद्ध असेल, तर त्या सभेचं अध्यक्षपद सोडा. दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांवरचा, आरोप घेऊ नका, हे १ तीमथ्य ५:१९ पाळकांना पाठ असतं. पाप करणाऱ्यांचा सर्वांसमक्ष निषेध कर, हे लगेचचं २०वं वचन मात्र आठवत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीला बिशपांकडे जाता येतं. स्वतंत्र मंडळीनं कुणाकडे जायचं, ते शांततेच्या दिवसांतच ठरवून ठेवावं.

काही गोष्टी मात्र समेटाच्या नाहीतच. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे ‘मंडळीची बदनामी’ हे कारण चालत नाही. नवरा मारतो म्हणून आलेल्या बाईला प्रार्थना करून त्याच घरी परत धाडू नका.

आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या, आधी सगळ्यांसमोर हात मिळवायला लावू नका. मार्कला सोबत न्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा वेगळे झाले, तरी दोघांचं काम चालूच राहिलं. आमच्याकडे आता किल्ली दर महिन्याला घर बदलते, पाण्याच्या वेळा फळ्यावर लिहिलेल्या असतात. दोन्ही घरांचा सलाम होतो. चहा अजून नाही.