जुन्या इंग्लिश स्लिपवेअरचा कुंभार कसा ओळखावा

पाण्यात कालवलेल्या पातळ मातीने (स्लिपने) नक्षी काढलेल्या इंग्लिश भांड्यावर, म्हणजे स्लिपवेअरवर, नाव दिसलं, की ते कुंभाराचंच असेल असं धरू नका. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या मोठ्या थाळ्यांच्या काठावर थॉमस टॉफ्ट या कुंभाराने स्वतःचं नाव ठळक अक्षरांत घातलं. पण कित्येक भांड्यांवर ते ज्याच्यासाठी घडवलं त्याचं नाव असतं. सॅम्युअल मॉल्किन या कुंभाराची ‘एसएम’ ही आद्याक्षरं तर साच्याच्या नक्षीतच सापडतात, म्हणून नक्षी सावकाश वाचा.

विसाव्या शतकातल्या भांड्यांवर बुडाजवळचा भाग तपासा. ओल्या मातीत दाबलेला छोटा शिक्का बहुधा तिथेच असतो. सेंट आइव्हज या इंग्लिश गावात कुंभार बर्नर्ड लीच यांचा ‘बीएल’ आणि पॉटरीचा, म्हणजे तिथल्या कुंभारकामाच्या कार्यशाळेचा, ‘एसआय’, तर १९२६ पासून विंचकम या गावात कुंभार मायकेल कार्ड्यू यांचा ‘एमसी’ आणि पॉटरीचा ‘डब्ल्यूपी’. फक्त पॉटरीचाच शिक्का असेल, तर भांडं तिथल्या दुसऱ्या कोणा कारागिराचंही असू शकतं.

झिलईने भरून अक्षरं पुसट झाली असतील, तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरा. सावलीमुळे कडा उठून दिसतात. वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि संग्रहालयातल्या खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहा. शिक्का खरवडून मोकळा करायला मात्र जाऊ नका. एकदा गेलेली कड परत येत नाही. आणि जुन्या झिलईत शिसं असतं, तेव्हा त्यात काही खाऊ-पिऊ नका.